ठेकेदारामार्फत नोकरी की शिकाऊ उमेदवारी?

आयटीआय उत्तीर्ण होऊन चाकणला आलेल्या एका फिटरने विचारले की, ठेकेदार लगेच कामावर घेत असताना शिकाऊ उमेदवारीसाठी थांबावे का.

हाती येणाऱ्या पैशात ठेकेदाराचे काम सहसा सरस ठरते, कारण तिथे किमान वेतन लागू होते, तर उमेदवाराला केवळ विद्यावेतन मिळते. शिवाय पगारातून १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी कापला जातो व तितकाच वाटा मालकाने भरायचा असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असल्याने त्याला हा लाभ नाही. मात्र निधी खरोखर जमा होतो का, हे यूएएन क्रमांकावरून (भविष्यनिर्वाह निधीसाठी प्रत्येक कामगाराला मिळणारा कायमचा क्रमांक) दरमहा तपासावे. कापलेले पैसे न भरणे हा कामगाराच्या घामावर घातलेला दरोडा आहे. ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी ज्या कंपनीत काम चालते त्या मूळ कंपनीवर येते, हेही विसरू नये.

कायम होण्याची हमी दोन्हीकडे नाही. ठेक्यावरचा फिटर अनेकदा माल उचलण्यातच अडकतो. उमेदवाराला ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

घरी कर्जाचा हप्ता थांबवता येत नसेल, तर ठेक्याचे काम घ्यावे. उमेदवारीच्या काळातला खर्च घरचे पेलू शकत असतील, तर माझ्या मते उमेदवारीच निवडावी.