नावाची चिठ्ठी लावलेली चाफ्याची ‘रोपं’ आणि माझे ६,९९० रुपये

आकडे आधी सांगते. दहा बियांचे १,२००, सहा ‘रोपां’चे ४,८००, पाठवणीचे ३५० आणि मुळं फुटायच्या ‘टॉनिक’चे ६४०. एकूण ६,९९० रुपये. घरात अजून खरा आकडा सांगितलेला नाही. इथे लिहितेय, कारण ज्याने मला ऑनलाइन चाफ्याच्या बिया आणि ‘रोपं’ विकून फसवलं, त्याच माणसाची जाहिरात परवा पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तेच.

गोड बोलणं, ‘ताई, शेवटची दोनच उरलीत’, आगाऊ पैसे, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण पहिल्या खेपेला त्याने खऱ्या बिया पाठवल्या, तिथेच मी गाफील झाले. पातळ कागदी पंख असलेल्या, अस्सल देवचाफ्याच्या बिया. जाड टोक खाली, पंख वर ठेवून लावल्या, तर नवव्या दिवशी दहांतल्या सात उगवल्या. दोन कोवळेपणीच कोलमडल्या. उरलेल्या पाचांना चार-चार पानं आल्यावर मी त्यांना निचऱ्याच्या मातीत, वेगवेगळ्या कुंड्यांत हलवलं. पाचही जगली. मग त्या माणसावर विश्वास का बसू नये? मी काही डोळे मिटून पैसे पाठवले नव्हते.

त्या बिया ‘निळ्या चाफ्या’च्या म्हणून घेतल्या होत्या. खरा निळा देवचाफा नसतोच. पांढरा, पिवळा, गुलाबी, लाल, फार तर जांभळट. निळा दिसला की तो फोटोत रंगवलेला.

मग त्याने सहा ‘नावाच्या जातींची रोपं’ दाखवली. बियांपासून वाढवलेली, प्रत्येकाला चिठ्ठी, सहा महिन्यांत फुलं. या एका वाक्यात तीन थापा होत्या आणि मला एकही दिसली नाही. चाफ्याचं बी आईवर जात नाही. प्रत्येक रोप वेगळं निघतं, त्यामुळे बियांच्या रोपाला आईच्या जातीचं नाव लावताच येत नाही. ठरावीक जात हवी तर ती फांदी लावून किंवा कलम बांधूनच मिळते. आणि बियांच्या रोपाला फुलायला बहुधा तीनेक वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त.

पण ज्या क्षणी मला कळायलाच हवं होतं, तो क्षण खोकं उघडल्यावरचा. मी नुकतीच स्वतःच्या हाताने पाच रोपं हलवली होती. बुंधा तळाशी फुगीर, खाली एक सरळ सोटमूळ, त्याला केसांसारखी बारीक मुळं. आणि खोक्यातून निघाल्या बोटभर जाडीच्या सरळ काठ्या. बुंध्याला फुगवटा नाही, वरपासून खालपर्यंत जाडी सारखी. तळाला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा गोळा, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं, सोबत सूचना: ‘२१ दिवस मुळांना हात लावू नका, रोज पाणी घाला.’ परत करायची मुदत किती? सात दिवस! हा हिशेब मी त्या दिवशी केला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

दोन आठवड्यांत शेंड्यांना पानं फुटली. मी आनंदाने त्याला पाच तारे दिले, फोटोही टाकला. माझा तो फोटो बघून आणखी कोणी घेतलं असेल तर मला क्षमा करा. चाफ्याची तोडलेली फांदी स्वतःत साठवलेल्या पाण्या-अन्नावर पानं काढते. मूळ नसतानाही. पानं म्हणजे रोप लागल्याची खूण नव्हे.

पानं सुकायला लागल्यावर त्याने मला ‘टॉनिक’ विकलं. बाविसाव्या दिवशी मी एक काठी दाबून पाहिली तर बोट आत रुतलं. गोळा सोडला. एकही मूळ नाही. खाली कापलेला सपाट काप, काळा आणि घाण वासाचा. सुरी लावली तर चीक आला नाही, आत तपकिरी लगदा. जिवंत चाफ्याला नखानेही ओरखडा काढला तरी पांढरा चीक येतो. सहाच्या सहा तशाच. ताजी फांदी आधी आठवडा-दोन आठवडे सावलीत सुकवावी लागते आणि मुळं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताचं घालायचं असतं. त्याने रोज घालायला सांगितलं, कारण कुजली की दोष माझ्या पाण्यावर जाणार होता. आणि तो तेच म्हणाला. मग नंबर बंद.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस ठाण्यात विचारलं, ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ मी कुजलेली काठी पिशवीतून नेली होती, ती बाहेर काढूही दिली नाही. ग्राहक तक्रारीसाठी फोन केला तर विक्रेत्याचा पत्ता आणि बिल आणा म्हणाले. पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते? जिथे जाहिरात पाहिली त्यांनी व्यवहार बाहेर झाल्याचं सांगून हात झटकले. ऑनलाइन तक्रार केली, तिला क्रमांक मिळाला, अकराव्या दिवशी ‘निकाली’ असा शेरा. मला एकाचाही फोन नाही. निकाल कोणी लावला, कशाच्या आधारावर? पुन्हा तक्रार केली, पुन्हा तोच शेरा. रक्कम लहान म्हणून झटकतात, आणि असे लोक नेमकी लहानच रक्कम घेतात.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. गोळा त्याच दिवशी सोडून मुळं बघा, विकणारा काहीही सांगो. फांदी घ्यायची तर फांदी म्हणूनच, फांदीच्या भावात घ्या. पानं आली म्हणून लगेच तारे देऊ नका. पैसे पाठवण्याआधी त्याच्याकडे पत्ता असलेलं बिल मागा.

माझी पाच रोपं जगलीत. त्यांच्या कुंड्यांवरच्या ‘निळा’ लिहिलेल्या चिठ्ठ्या मी काढून टाकल्या आहेत, फक्त पेरल्याची तारीख ठेवली आहे.