जीभ टोचून घेताय? आधी दांडीची लांबी आणि बिल विचारा

जीभ टोचण्याचे १,२०० रुपये, असं स्टुडिओच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. बाहेर पडले तेव्हा ४,००० गेले होते. टायटॅनियमची दांडी (भोकात घालायचा, टोकांना मणी असलेला दागिना) १,५०० जादा, बधिर करायचा स्प्रे ५०० जादा, ‘आफ्टरकेअर किट’ ८०० जादा. पैशांचं दुःख आहेच, पण हे लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. माझ्या तोंडात घातलेली दांडी टायटॅनियमची नव्हती, ती लांबीला चुकीची होती, आणि त्यामुळे जो त्रास झाला त्यावरचे उपायही तीच माणसं मला विकत होती. पुण्यात असे स्टुडिओ गल्लोगल्ली झालेत, कॉलेजची मुलं तिथे रांग लावून असतात. त्यांच्यापर्यंत हे पोचावं.

लांबीचं आधी सांगते, कारण माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. जीभ टोचली की सुजतेच. काही तासांतच सुरुवात होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत सूज चढते आणि मग उतरू लागते. म्हणून पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात, साधारण १८ ते २० मिलिमीटरची, जीभ जाड असेल तर आणखी लांब. दोन-चार आठवड्यांनी सूज बसली की ती काढून आखूड दांडी घालायची. हे न केल्यास लांब दांडीचा मणी दातांवर आपटत राहतो, दातांचे टवके उडतात, हिरडी मागे सरकते. म्हणजे दांडी दोनदा लागते. हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. उलट टोचणारा म्हणाला, ‘ताई, ही एकदम फिटिंगची आहे, परत बदलायला यायची गरजच नाही.’ माझ्या जिभेतून निघालेली दांडी नंतर डॉक्टरांनी मोजली, ती १४ मिलिमीटर भरली.

सूज आली तेव्हा तिला जागाच नव्हती. वरचा मणी हळूहळू आत रुतत गेला. आरशात बघितलं तर जिभेच्या मधोमध एक खळगा, कडेला पांढरट चामडी, आणि मणी गायब. बोटाने चाचपलं तर आत टणक लागत होता. ट, ड, ळ तोंडातून निघेनात. माझं काम फोनवर बोलण्याचं, तेव्हा रजाच टाकावी लागली. आई पेज आणि गुरगुट्या भात गार करून द्यायची, तोही चमच्याच्या टोकाने. गरम चहा सोडाच, कोमट वरणसुद्धा झोंबायचं.

स्टुडिओला फोटो पाठवले. उत्तर आलं : ‘नॉर्मल आहे ताई, सोल्युशन मारत राहा.’ ते सोल्युशन म्हणजे किटमधली फवाऱ्याची बाटली. तिच्यावर स्टुडिओचं स्टिकर, बाकी आत काय आहे, कधी बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, एक अक्षर नाही. झाकण उघडलं की स्पिरिटचा भपकारा यायचा. मारलं की डोळ्यांतून पाणी, आणि मग तोंड कोरडंठाक. पुन्हा फोटो पाठवले तेव्हा म्हणाले, या, मोठी दांडी टाकून देतो, दोन हजार होतील. टोचताना ‘महिनाभरात काहीही झालं तरी फ्री’ असं यांनीच सांगितलं होतं. ती आठवण करून दिली तर म्हणे, ते फक्त मणी हरवला तर.

मी तिकडे न जाता तोंडाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जागा बधिर केली, जिभेच्या वरच्या बाजूला बारीक छेद घेतला, मणी मोकळा केला आणि दांडी खालून ओढून काढली. पाच-दहा मिनिटांचं काम, पण बाहेर बसलेल्या आईचा चेहरा मी विसरणार नाही. डॉक्टरांनी ती फवाऱ्याची बाटली हुंगली आणि सरळ केराच्या डब्यात टाकायला सांगितली. अल्कोहोलने तोंडातली नाजूक कातडी सुकते, जखम भरायला उशीर लागतो. त्यापेक्षा उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात पाव चमचा मीठ, खाणं झालं की त्याच्या चुळा, एवढंच पुरतं. मीठ जास्त घातलं तर तेही चुरचुरतं. माउथवॉश वापरायचाच तर बिनअल्कोहोलचा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टर देतात, पण तो आपल्या मनाने आठवडेच्या आठवडे चालू ठेवला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. याशिवाय बर्फाचे तुकडे चघळायचे, डोकं उंच ठेवून झोपायचं, ठेचा-मिसळ, सिगारेट, दारू, चुंबन हे सगळं बंद. ८०० रुपयांच्या किटची गरज यात कुठे आहे?

आता धातूचं. टोचणाऱ्याने ‘जी-२३ टायटॅनियम’, म्हणजे शरीरात घालायच्या प्रतीचं, असं दहा वेळा म्हटलं होतं. डॉक्टरांनी दांडी छोट्या पुडीत घालून दिली. तिच्या मण्याचा मुलामा एका बाजूने उडून खालचा काळपट धातू दिसत होता. घरी फ्रिजवरचं चुंबक जवळ नेलं, तर ती टुणकन उडी मारून चिकटली. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही. उलट बाजूही सांगते, म्हणजे कुणाची फसगत होणार नाही : चिकटली नाही म्हणून ती टायटॅनियमची ठरत नाही, कारण दागिन्यांचं चांगलं स्टीलही सहसा चुंबकाला दाद देत नाही. शरीरात घालायच्या टायटॅनियमला एएसटीएम एफ १३६ हे मानक असतं, आणि दागिना बनवणाऱ्याकडे त्या धातूच्या बॅचचा दाखला असतो. तो मागा. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट म्हणजे तो दाखला नव्हे. हलक्या मिश्रधातूत निकेल असलं आणि ते तुम्हाला सोसत नसलं, तर जखम महिनोन्‌महिने ओली राहू शकते.

सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे. पोकळ, एकदाच वापरायची सुई. चिमटे ऑटोक्लेव्हमधले, म्हणजे दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर निदान पंधरा मिनिटं ठेवलेले. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, इथे ढिलाई चालणार नाही. टोचण्याआधी टोचणाऱ्याने जीभ उचलायला लावून खालच्या शिरा आणि जीभ तळाशी जोडणारा पडदा उजेडात बघायला हवा. माझ्या बाबतीत सुई पाकिटातून निघाली, तेवढं खरं. जिभेखाली मात्र कुणी पाहिलं नाही.

ज्यांची जीभ आत्ता सुजलेली आहे त्यांच्यासाठी : पहिले काही दिवस पांढरट-पिवळसर पातळ स्राव येतो, त्याने घाबरू नका. पण ताप, घट्ट पू, हनुवटीखाली सूज, गिळता न येणं, लाळ गळणं, श्वासाला त्रास, यातलं काहीही दिसलं तर स्टुडिओच्या उत्तराची वाट बघू नका, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. जिभेखालचा संसर्ग गळ्याकडे उतरू शकतो आणि मग श्वासनलिकाच दाबली जाते. आणि पू असताना दांडी घरी ओढून काढू नका. वरचं भोक पटकन मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पैसे यूपीआयने एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात गेले होते, बिल मागितल्यावर ‘मेसेज येतो ना’ असं उत्तर मिळालं होतं. तरी यूपीआयची नोंद, सगळे चॅट आणि डॉक्टरांचे कागद जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर किटचे ८०० रुपये परत आले. उरलेल्यांसाठी आणि उपचाराच्या खर्चासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो करता येतो, आपण सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुमच्या बाबतीत असं घडलं असेल तर निघालेली दांडी फेकू नका आणि चॅट डिलीट करू नका. आणि त्याच स्टुडिओत फसलेलं आणखी कुणी भेटलं, तर त्यांनाही आपापली तक्रार नोंदवायला सांगा.