बोअरचं पाणी 38 रुपये लिटर

11,400 रुपये. तेही आमच्याच बोअरच्या पाण्याचे. लिहायला लाज वाटते, पण तो माणूस अजून गावोगाव फिरत असणार.

दसऱ्यानंतर पलटी नांगर लावला की ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवरच फिरायची. वजनासाठी टायरात पाणी भरायचंच होतं. तेवढ्यात हा माणूस पिकअप घेऊन आला. ‘साधं पाणी कशाला दादा, आमचं लिक्विड भरा. वजनदार, गंज नाही, पंक्चर नाही.’ 13.6-28 चे दोन टायर, प्रत्येकी 150 प्रमाणे 300 लिटर. त्यानं आणले 35 लिटरचे दोन कॅन. बाकी पाइप आमचाच. पैसे मात्र पुऱ्या 300 लिटरचे!

‘थंडीत गोठत पण नाही,’ तो म्हणाला आणि मी मान डोलावली. सोलापूर जिल्ह्यात! इथं मे महिन्यात पारा 42 वर जातो, बर्फ बघायचा तर फ्रीज उघडावा लागतो. पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइडचं मीठ घालतात ते बर्फाळ मुलखात. तिथंच त्याला बांधाबाहेर काढायला हवा होता. ओठावर उडालेला थेंब खारट लागला, तोही पुसून टाकला. अडाणी नाही हो मी, बारा वर्षं ट्रॅक्टर चालवतोय. पण वाफसा, म्हणजे नांगरटीजोगी ओल, निघून चालला होता.

आषाढात व्हॉल्व्हभोवती पांढरी पापडी दिसली. टायर उतरवला तर रिमच्या खपल्या हातात. दोन रिम 16,800, दोन ट्यूब 5,600, मजुरी 900. लिक्विड धरून 34,700.

कच्ची का होईना, पावती घ्या. गाडीचा फोटो काढा. मी काढला नाही.

पोलीस म्हणाले, ‘दिवाणी मामला आहे.’ अर्ज घ्यायला तीन चकरा, आणि पोच मागितली तर असं बघितलं, जणू मीठ मीच विकलंय. कृषी कार्यालयात ‘खत-बियाणं असेल तर बोला’. वजनमापवाल्यांना बिल हवं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण समोरच्याचा पत्ता विचारला. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही म्हणे. पण नोटीस धाडायची कुठं? त्याचा फोन तर बंद.

भरायचंच तर साधं गोडं पाणी भरा. व्हॉल्व्ह वर ठेवा, पाणी तिथवर आलं की बास, उरलेल्या जागेत हवा. आणि कॅन मोजा!

चुलतभावानंही त्याच्याकडूनच भरलंय. काल म्हटलं, टायर उतरवून बघ. म्हणतो, ‘माझं तर झकास चाललंय.’