ईसीएल ब्लॉट: फिल्मवर घ्यावा की इमेजरवर?

ईसीएल ब्लॉट म्हणजे पातळ पडद्यावर उतरवलेली प्रोटीनं अँटिबॉडीनं हुडकून उजेडानं दाखवायची पद्धत. पुण्यात पाषाण किंवा गणेशखिंडीतल्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात: इमेजरसाठी (उजेड टिपणाऱ्या कॅमेरा-यंत्रासाठी) नंबर लावू की फिल्म घेऊन डार्करूममध्ये शिरू? मी उलट विचारते, प्रोटीन आहे की नाही एवढंच बघायचंय, की किती पट वाढलं ते सांगायचंय?

रसायन दोन्हीकडे तेच. दुसऱ्या अँटिबॉडीला (पहिली प्रोटीनला चिकटते, दुसरी पहिलीला) जोडलेलं एचआरपी हे एन्झाइम पेरॉक्साइडच्या साथीनं ल्युमिनॉलचं ऑक्सिडेशन करतं आणि सुमारे ४२५ नॅनोमीटरचा निळसर उजेड पडतो. (बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर एचआरपी गप्प बसतं; मग फिल्मला बोल लावू नका.)

फरक आहे तो उजेड मोजण्यात. फिल्म पूर्ण काळी झाली की त्यापुढे काळी होत नाही. अ‍ॅक्टिनचा (सगळीकडे सारखंच प्रोटीन घातलंय का हे ज्यावरून तपासतात त्या प्रोटीनचा) बँड, म्हणजे पट्टा, पाहता पाहता डांबरासारखा होतो. मग लेनमध्ये (एका नमुन्याच्या उभ्या पट्टीत) २० मायक्रोग्रॅम प्रोटीन घाला नाहीतर ४०, दोन्ही सारखेच दिसतात आणि आपण 'लोडिंग समान' असं खुशाल लिहून मोकळे होतो. अगदी मंद उजेडालाही फिल्म प्रमाणात दाद देत नाही, म्हणून फिका बँड आणखी फिका पडतो. थंड ठेवलेला सीसीडी कॅमेरा मात्र हजारपट किंवा त्याहून जास्त फरक सरळ रेषेत मोजतो, आणि पिक्सेल भरले (आणखी उजेड मोजेनासे झाले) तर बहुतेक सॉफ्टवेअर तिथंच रंगवून दाखवतं.

तरी फिल्म मी मोडीत काढलेली नाही. लाखोंचं यंत्र लागत नाही, रांग नाही, बँड रेखीव येतो. त्रास आहे तो डेव्हलपर-फिक्सरचा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, तो बेसिनमध्ये ओतायचा नाही. शिवाय फिल्म धुवायला पाणी हवं, आणि पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की बादल्या आधीच भरून ठेवाव्या लागतात.

इमेजरची अडचण म्हणजे नंबर. आपली वेळ यायच्या आत सबस्ट्रेट (ल्युमिनॉल-पेरॉक्साइडचं मिश्रण) ओतू नका, उजेड ओसरत जातो. बँडच्या मधोमध पांढरं भोक पडलं तर तिथलं सबस्ट्रेट संपलंय. अँटिबॉडी आणखी पातळ करा. ते महागड्या कॅमेऱ्यानं भरून येत नाही.

एकाच ब्लॉटवर दोन प्रोटीनं मोजायची असतील तर फ्लुओरेसन्सकडे (एन्झाइमऐवजी चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडीकडे) वळा. खर्च वाढतो, पण सिग्नल टिकतो.

आकडे छापायचे असतील तर इमेजरच घ्या. त्याआधी एकदा ५, १०, २०, ४० मायक्रोग्रॅमच्या लेन चालवा. सिग्नल दुप्पट होत गेला नाही, तर फोल्ड चेंजचा (किती पट वाढलं याचा) आलेख काढूच नका.