सोयातेलाची तूट कुठे दिसते: ओईसी आणि ट्रेडस्टॅट, एका तेल-दलालाचा अभिप्राय

दोन देशांतला व्यापार मालागणिक तपासायचा असेल, म्हणजे कुठल्या मालात आपली विक्री जास्त आणि कुठल्यात खरेदी, तर त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही; ओईसी आणि ट्रेडस्टॅट या दोन संकेतस्थळांवर ते बघता येतं. खरेदी विक्रीपेक्षा जास्त असेल तर तिला तूट म्हणतात. मध्यंतरी एक विक्रेता वर्षाच्या वर्गणीचं पत्रक घेऊन ऑफिसात आला होता. त्यात रंगवून दाखवलेले बरेचसे तक्ते सरकार फुकट देतं, हे त्याला सांगितल्यावर चहा न घेताच गेला.

मी इंदुरात खाद्यतेलाची दलाली करतो. सौदे प्लांटवाल्यांचे आणि सियागंजच्या व्यापाऱ्यांचे. त्यामुळे हा अभिप्राय तेलाच्या अंगानेच जाणार. ज्यांना कापड किंवा औषधं बघायची आहेत त्यांनी मालाचे कोड बदलून घ्यावेत, रीत तीच आहे.

आधी ओईसी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेलं हे संकेतस्थळ. भारत आणि आर्जेंटिना अशी जोडी निवडली की दोन्ही बाजूंची निर्यात रंगीत चौकोनांत मांडून मिळते, जेवढा व्यवहार मोठा तेवढा चौकोन मोठा. आर्जेंटिनाच्या बाजूला सोयातेलाचा भलामोठा चौकोन, आपल्या बाजूला दुचाकी, शेतीरसायनं, औषधं असे विखुरलेले तुकडे. बघताक्षणी कळतं की ही तूट जवळजवळ एकाच मालावर उभी आहे. तक्ता वाचून हे समजायला अर्धा तास गेला असता. माझी भाची कॉमर्सला आहे, तिला हे दाखवलं तर म्हणाली, "मामा, मग चीनचं बघू या ना." बघितलं. 2024-25 मध्ये चीनशी आपली तूट 99 अब्ज डॉलरच्या वर होती. तिथे यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स, रसायनं असे एकाहून एक मोठे चौकोन, एकावर बोट ठेवता येत नाही. दोन तुटी दोन जातींच्या. बातम्यांत मात्र दोन्ही एकाच आकड्यात येतात.

आता ओईसी जिथे नवख्याला चकवतं ती जागा. जगभरचा माल एचएस कोडने, म्हणजे प्रत्येक मालाला दिलेल्या ठरावीक आकड्याने, ओळखतात. सोयाबीनचं बी 1201, तेल 1507, पेंड 2304. म्हणजे बी वनस्पतिजन्य मालात, तेल चरबी-तेलांच्या विभागात आणि पेंड खाद्यपदार्थांच्या विभागात. ओईसीच्या चित्रात विभागागणिक रंग वेगळा, म्हणून एकाच दाण्याला तीन रंग. आमच्या माळव्यात सोयाबीन गाळलं की शंभर किलोतून साधारण अठरा किलो तेल निघतं, उरलेली जवळपास सगळी डीओसी, म्हणजे पेंड. डीओसी आपण बांगलादेश, नेपाळ, युरोपला विकतो. जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या बियाण्याची, नसल्याने युरोपात तिला गिऱ्हाईक आहे. तेल मात्र आपल्याला पुरत नाही, म्हणून आर्जेंटिना आणि ब्राझीलकडून डीगम, म्हणजे चिकटा काढलेलं कच्चं सोयातेल, घ्यावं लागतं. एकाच पिकात एका हाताने शिल्लक, दुसऱ्या हाताने तूट. तीनही कोड उघडल्याशिवाय 'सोयाबीनमध्ये आपण कुठे आहोत' या प्रश्नाला उत्तर नाही.

ट्रेडस्टॅट आपल्या वाणिज्य विभागाचं. दिसायला सरकारी फॉर्म, रंगबिंग काही नाही. पण माझ्या धंद्याला हेच जास्त उपयोगी, आणि कारण एकच: इथे किमतीबरोबर वजनही मिळतं. ओईसीचा चौकोन डॉलरवर वाढतो. 2022 मध्ये युक्रेन युद्धाने तेलाचे भाव भडकले, त्यात इंडोनेशियाने एप्रिलच्या शेवटी पाम तेलाची निर्यातच बंद केली आणि मेमध्ये पुन्हा उघडली. अशा वर्षी चौकोन फुगतो तो माल जास्त आला म्हणून की भाव चढला म्हणून, हे चित्र सांगत नाही. ट्रेडस्टॅटवर किमतीला वजनाने भागा, टनामागे सरासरी दर हातात येतो. शिवाय आठ अंकी कोडपर्यंत जाता येतं. ओईसीवर देशादेशांतली तुलना सहा अंकांवर थांबते.

या सहा अंकांतही गंमत आहे. 150710 म्हणजे कच्चं तेल, 150790 मध्ये रिफाइंड येतं. 14 सप्टेंबर 2024 ला सरकारने कच्च्या खाद्यतेलावर मूळ सीमाशुल्क 20 टक्के आणि रिफाइंडवर 32.5 टक्के केलं. नेपाळहून येणाऱ्या मालाला साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार कराराखाली शुल्क नाही. लगेच नेपाळमधून रिफाइंड सोयातेलाचा ओघ सुरू झाला. नेपाळात सोयाबीन पिकतं किती? कच्चं तेल बाहेरून आणायचं, रिफाइन करायचं, इकडे पाठवायचं. म्हणजे दोन देशांची जोडी पाहणाऱ्याला नेपाळ सोयातेलाचा मोठा निर्यातदार दिसतो, आणि तेल मुळात दुसऱ्याच खंडातलं. मे 2025 च्या शेवटी कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 10 टक्क्यांवर आणलं. रिफाइंडचं तसंच ठेवलं. दोन्ही संकेतस्थळं आकडे दाखवतात, असली कारणं आपणच जोडायची.

दोन्हींचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. ट्रेडस्टॅटचं वर्ष एप्रिल ते मार्च, ओईसीचं जानेवारी ते डिसेंबर, नेपाळचं स्वतःचं जुलैच्या मध्यापासून सुरू होतं. त्यात आर्जेंटिना आपली निर्यात रोसारिओच्या बंदरावरच्या किमतीने मोजतं आणि आपण तोच माल कांडल्याला उतरल्यावर भाडं-विमा धरून मोजतो. जहाज वाटेत असताना वर्ष बदललं तर माल दोघांच्या खात्यात वेगवेगळ्या वर्षी. ओईसी वापरतं ते बेसी नावाचं संकलन फ्रान्सच्या सेपी संस्थेचं आहे. ते दोन्ही देशांची नोंद ताडून, भाडं वजा करून एकच आकडा काढतं. तुलनेला ते बरं. पण एखाद्या सौद्याच्या वादात मी तो आकडा कधी पुढे करणार नाही.

आणि माल म्हणजे फक्त माल. आमच्या सुपर कॉरिडॉरवर बसून पोरं जे सॉफ्टवेअर परदेशी विकतात त्याचा एक पैसा या तुलनेत धरलेला नाही. 2024-25 मध्ये अमेरिकेशी आपण सुमारे 41 अब्ज डॉलरने वर दिसतो, तेही नुसत्या मालात.

ओईसीला पाचपैकी साडेतीन, ट्रेडस्टॅटला चार. ओईसीची वार्षिक आकडेवारी मागाहून येते, त्यामुळे आजच्या भावासाठी ती कामाची नाही. गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवायला मात्र ओईसीसारखं दुसरं काही नाही. मोबाइलवर उघडू नका, बारके चौकोन बोटाखाली सापडत नाहीत. ट्रेडस्टॅटवर डॉलर आणि रुपये दोन्ही मिळतात, तेव्हा तक्ता उतरवण्याआधी कुठलं निवडलंय ते बघून घ्या.