थ्रीडी स्लायसर: धमन्यांवरच्या गटकामाला चालतं, पण आधी नियम ठरवा

डॉक्टर आणि इंजिनिअरिंगची पोरं मिळून धमन्यांच्या सीटी अँजिओवर (शिरेतून डाय देऊन काढलेल्या सीटी स्कॅनवर) काम करणार असतील, तर कोल्हापुरात बसून थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं-मोजायचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायचं, धमन्या मोजणारं स्लायसर-व्हीएमटीके एक्स्टेंशन घ्यायला हरकत नाही. दोन्ही मोफत, सोर्स कोड खुला, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फुकट ते पौष्टिक म्हणतात ते इथं खरं आहे, पचवायला मात्र वेळ लागतो. संशोधनासाठी पाचपैकी चार. पेशंटच्या रिपोर्टसाठी शून्य, कारण हे रोगनिदानाला मान्यता मिळालेलं सॉफ्टवेअर नाही आणि बनवणारेही तसं स्पष्ट सांगतात.

लॅपटॉपचा हिशेब असा: 512 बाय 512 पिक्सेलच्या 800 स्लाइस (स्कॅनचे आडवे काप) म्हणजे सुमारे 420 एमबी. रॅम डेटाच्या दहापट धरा. 8 जीबीवर कसंबसं भागतं, 16 असेल तर निवांत.

खरी अडचण सीडीपासून सुरू होते. स्कॅन सेंटरच्या सीडीत बऱ्याचदा 5 मिमी जाडीच्या स्लाइस असतात, कधी तर नुसते जेपीईजी. 1 मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस डायकॉममध्येच (स्कॅनच्या मूळ फाइल-प्रकारात) मागा, आणि लगेच मागा. पातळ सिरीज मशिनवर कायम राहत नाही.

सेगमेंट एडिटरमध्ये (स्कॅनमधून हवा तो भाग वेगळा काढायची जागा) थ्रेशोल्ड, म्हणजे किमान घनतेची मर्यादा, 200 एचयूच्या (सीटीवरच्या घनतेचं एकक) आसपास लावला की डाय भरलेली धमनी उठून दिसते, पण मणका आणि कॅल्शियमही तिच्याबरोबर येतात. सिझर्सने मणका कापा, आयलंड्सने हवा तो तुकडा ठेवा. कॅल्शियम इतक्या सहज सुटत नाही. स्क्रीनवर ते असतं त्यापेक्षा जाड दिसतं आणि अरुंद जागा आणखी अरुंद भासते. तिथं हातानेच पुसायचं.

पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यात थ्रेशोल्ड सरळ दगा देतो. फुगवट्याच्या आत भिंतीला गुठळी बसलेली असते, तिच्यात डाय जात नाही, म्हणून सॉफ्टवेअर फक्त रक्त वाहतं ती पोकळी पकडतं. पोकळी साडेतीन सेंमी आणि पूर्ण फुगवटा साडेपाच, असं होऊ शकतं. पुरुषांमध्ये ऑपरेशनचा विचार 5.5 सेंमीला सुरू होतो, म्हणजे फरक किरकोळ नाही. बाहेरची भिंत दर पाच-सहा स्लाइसवर पेंटने आखा, मधलं 'फिल बिटवीन स्लाइसेस'वर सोडा आणि नंतर एकेक स्लाइस तपासा.

मग एक्स्ट्रॅक्ट सेंटरलाइनने धमनीची मधोमध जाणारी रेघ काढा, आणि क्रॉस-सेक्शन अ‍ॅनालिसिसने व्यास मोजा. व्यास सेंटरलाइनला काटकोनातच घ्यायचा. 4 सेंमीची नळी 30 अंशांत तिरकी असेल, तर आडव्या स्लाइसवर ती 4.6 दिसते. हे मॉड्यूल दोन व्यास देतं: आत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या गोलाचा आणि क्षेत्रफळावरून काढलेला. धमनी लंबगोल असली की पहिला कमी भरतो. एकानं हा, दुसऱ्यानं तो लिहिला तर अख्खा तक्ता वाया. कुठला घ्यायचा हे पहिल्याच बैठकीत ठरवा. काही केसेस दोघांनी एकमेकांना न दाखवता मोजाव्यात आणि फरक ब्लँड-ऑल्टमन आलेखावर (दोन मोजमापं किती जुळतात ते दाखवणारा आलेख) टाकावा.

फाइली पाठवताना नाव पुसलं म्हणजे झालं, असं समजू नका. डायकॉमच्या हेडरमध्ये जन्मतारीख, हॉस्पिटल, तपासणीचा नंबर, सगळं असतं. मानेच्या अँजिओत डोकं आलं असेल, तर त्यावरून चेहरासुद्धा उभा करता येतो. एनआरआरडीत (पेशंटचा हेडर नसलेला फाइल-प्रकार) बदलून पाठवा, डोक्याचा भाग क्रॉप करा, आणि फाइलच्या नावात पेशंटचं आडनाव राहिलंय का तेही बघा.