गोदामातल्या घुशी: एअर रायफल की सापळा?

कळमन्याला धान्याचं गोदाम सांभाळणाऱ्या भाऊंचं रायफल की सापळा, हे ठरत नाहीये.

खर्चात सापळा कधीही स्वस्त. रायफलीपायी रात्र जागावी लागते. घुशींना लाल उजेड फारसा दिसत नाही, म्हणून लाल टॉर्चने नेम साधतो, पण ४.५ मिलिमीटरचा छर्रा फरशीवर आपटला की कुठेही उडतो. आणि शिशाचा छर्रा गव्हात गेलेला मला अजिबात चालणार नाही.

घूस नव्या वस्तूला बिचकते. सापळा भिंतीलगत, दोन-चार रात्री न ताणता, नुसते शेंगदाणे घालून ठेवा, मग ताणा.

गोदामाच्या आत सापळाच. बाहेर, नेमाच्या मागे मातीचा बांध असेल आणि घुशी मोजक्याच असतील, तर रायफल. ससा दिसला तर सोडायचा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे.